व्युत्पत्तीच्या चिठ्ठ्या: इंग्रजीतले खलाशी शब्द

इंग्रजीत रोज वापरले जाणारे, पण मूळचे शिडांच्या जहाजावरचे म्हणून सांगितले जाणारे शब्द आणि वाक्प्रचार या टप्प्यात तपासायला घेतले होते. तो गठ्ठा आता बराचसा हातावेगळा झाला आहे. हा गठ्ठा मुद्दाम निवडला, कारण खलाशांच्या नावावर खपवलेल्या व्युत्पत्ती इंग्रजीत इतक्या आहेत की प्रत्येक शब्दाला समुद्रावर नेऊन सोडण्याच्या या सवयीची तिथले अभ्यासक उघड थट्टा करतात.

चिठ्ठ्यांची पद्धत पूर्वीचीच आहे. शब्दाचा सर्वांत जुना लिखित दाखला कोणत्या काळातला, जहाजावरचा अर्थ रूढ अर्थाच्या आधी आढळतो का, आणि सांगितलेली गोष्ट प्रत्यक्ष जहाजावर घडू शकते का, एवढेच प्रत्येक चिठ्ठीवर लिहायचे. आपल्यासारख्या हौशी माणसाला हे जमते ते ऑक्सफर्डच्या मोठ्या शब्दकोशामुळे. 1857 साली लंडनच्या फिलॉलॉजिकल सोसायटीत ज्याची कल्पना मांडली गेली, 1879 पासून जेम्स मरे यांनी ज्याचे संपादन केले, 1884 साली ज्याचा पहिला भाग निघाला आणि 1928 साली जो पूर्ण झाला, त्या कोशात प्रत्येक अर्थाखाली अवतरणे कालक्रमाने लावलेली आहेत. ही अवतरणेसुद्धा बव्हंशी स्वयंसेवक वाचकांनी चिठ्ठ्यांवर उतरवून पाठवली होती.

पक्क्या ठरलेल्या चिठ्ठ्यांत सर्वांत समाधान देणारी चिठ्ठी ‘बाय अँड लार्ज’ची आहे. ‘एकंदरीत पाहता’ या अर्थाने आपण तो सहज वापरतो, पण त्यातले दोन्ही शब्द वाऱ्याच्या दिशेचे आहेत. वारा ज्या दिशेने येतो त्या दिशेला शक्य तितके जवळ तोंड ठेवून जहाज हाकणे म्हणजे ‘बाय’. चौकोनी शिडांच्या जहाजाला हा कोन साधारण सदुसष्ट अंशांच्या आत आणता येत नसे. वारा मागच्या अंगाने मोकळा मिळत असेल, तर ती चाल ‘लार्ज’. दोन्ही चालींत नीट चालणारे जहाज हे सर्व परिस्थितीत भरवशाचे जहाज. सॅम्युअल स्टर्मी यांच्या 1669 सालच्या नौकानयनावरील ग्रंथात हा जोडशब्द निखळ जहाजी अर्थाने येतो आणि अठराव्या शतकाच्या आरंभी तो जमिनीवरच्या व्यवहारांना लावलेला दिसतो. ‘सर्व परिस्थितीत’ हा ठाम अर्थ पुढे ‘साधारणपणे’ इतका पातळ झाला, हे मला व्युत्पत्तीइतकेच लक्षणीय वाटते.

‘टेकन अबॅक’ हीसुद्धा निःशंक आहे. वारा अचानक फिरून समोरून आला की शिडे डोलकाठीवर उलटी दाबली जातात, जहाज जागीच थबकते किंवा मागे रेटले जाते आणि डोलकाठी मोडण्याचीही भीती असते. अठराव्या शतकातील या वर्णनावरून एकोणिसाव्या शतकात ‘अवाक् होणे’ हा अर्थ आला. ‘अलूफ’ची मजल याहून जुनी आहे. किनारा किंवा दुसरे जहाज टाळण्यासाठी नाळ, म्हणजे जहाजाचे पुढचे टोक, वाऱ्याकडे वळवून अंतर राखणे हा त्याचा सोळाव्या शतकातील अर्थ, आणि आजचा अलिप्त माणूस त्याच हालचालीतून आलेला आहे. ‘थ्री शीट्स इन द विंड’ या झिंगलेल्या माणसाच्या वर्णनात ‘शीट’ म्हणजे शीड नव्हे, तर शिडाचे खालचे टोक आवळून धरणारा दोर, हे मात्र आवर्जून नोंदवतो, कारण अनेक लोकप्रिय पुस्तकांत हे उलटे छापलेले आहे.

‘ग्रॉगी’ या शब्दाचा माग इतका स्वच्छ लागतो की असे भाग्य क्वचितच मिळते. ब्रिटिश नौदलातील अ‍ॅडमिरल एडवर्ड व्हर्नन ग्रोग्रॅम नावाच्या जाड कापडाचा झगा वापरत आणि त्यावरून खलाशी त्यांना ‘ओल्ड ग्रॉग’ म्हणत. ग्रोग्रॅम हे नाव जाड पोताच्या कापडासाठी फ्रेंचमधून आलेले आहे. खलाशांना मिळणारी कोरी रम शिस्त बिघडवते असे पाहून व्हर्नन यांनी ऑगस्ट 1740 मध्ये अर्धा पाइंट रममध्ये एक क्वार्ट पाणी, म्हणजे चौपट पाणी, मिसळण्याचा हुकूम काढला. त्या पातळ पेयाला त्यांचेच टोपणनाव चिकटले, ते पिऊन झुलणारा तो ‘ग्रॉगी’, आणि पुढे ठोसा खाऊन डगमगणारा मुष्टियोद्धा किंवा झोपेतून अर्धवट जागा झालेला कोणीही. नौदलातील रमचा रोजचा शिधा 31 जुलै 1970 रोजी बंद झाला, शब्द मात्र पूर्ण शुद्धीत टिकून आहे.

बाद चिठ्ठ्यांत ‘पॉश’ची कथा अग्रभागी आहे, आणि तिच्यात मुंबई येत असल्यामुळे आपल्याकडे ती विशेष लाडकी आहे. पी अँड ओ कंपनीच्या जहाजांवर हिंदुस्थानात येताना डावीकडची आणि परतताना उजवीकडची सावलीची खोली श्रीमंतांसाठी राखीव असे, तिकिटावर ‘पोर्ट आउट, स्टारबोर्ड होम’ची आद्याक्षरे उमटवलेली असत आणि त्यांतून हा शब्द झाला, असे सांगतात. तांबड्या समुद्रातून दक्षिणेकडे उतरणाऱ्या जहाजाच्या उजव्या बाजूला दुपारचे ऊन लागणार, हे खरेच आहे, आणि म्हणूनच ही कथा फसवी आहे. असे शिक्क्याचे एकही तिकीट सापडलेले नाही. शिवाय ‘ऐटबाज’ अर्थाचा ‘पॉश’ 1914 सालापासून छापील मिळतो, तर आद्याक्षरांची कथा छापील स्वरूपात 1930च्या दशकात अवतरते. त्याआधी एकोणिसाव्या शतकात हाच शब्द चोरांच्या बोलीत किरकोळ नाण्यासाठी आणि शतकाच्या अखेरीस छानछोकी माणसासाठी वापरलेला आढळतो. नाण्याचा अर्थ रोमानी भाषेतील ‘अर्धा’ या अर्थाच्या शब्दाशी जोडतात, आणि रोमानी ही आपल्याच भारतीय आर्य कुळातील भाषा आहे. मुंबईचा संबंध तुटला, तरी हिंदुस्थानचा धागा दुसऱ्या वाटेने लागू शकतो.

‘पितळी माकडाचे गोळे गळून पडावेत इतकी थंडी’ या इंग्रजी वाक्प्रचारातले माकड म्हणजे जहाजावर तोफगोळे रचायचे पितळी तबक, या कथेवर फार वेळ घालवला नाही. गोळे लाकडी पट्ट्यांच्या खाचांत ठेवत, आणि थंडीने पितळ आकसून गोळे घरंगळतील इतका फरक धातूंच्या आकुंचनात पडत नाही.

‘अगदी अखेरचे टोक’ या अर्थाचा ‘बिटर एंड’ अनिर्णित ठेवला आहे. नांगराचा दोर जहाजावरील ज्या खुंटांना गुंडाळतात त्यांना ‘बिट्स’ म्हणतात, आणि जहाजाच्या आत राहणाऱ्या टोकाला कॅप्टन जॉन स्मिथ यांनी 1627 सालीच ‘बिटर्स एंड’ म्हटले आहे. दोर त्या टोकापर्यंत सुटला की पुढे सोडायला काही उरत नाही, त्यामुळे अर्थ चपखल बसतो. पण इंग्रजी बायबलातील नीतिसूत्रांत ‘तिचा शेवट दवण्यासारखा कडू’ अशा आशयाचे वचन आहे आणि ते घरोघरी वाचले जात असे. दोन प्रवाह एकत्र आले असावेत, असे माझे मत आहे.

पुढचा गठ्ठा भारतीय बंदरांतून इंग्रजीत गेलेल्या शब्दांचा आहे. त्यात पहिली चिठ्ठी ‘डंगरी’ची, म्हणजे खलाशांच्या जाड्याभरड्या सुती कापडाची, जिचा संबंध मुंबईच्या डोंगरीशी जोडला जातो. कोळिकोडवरून ‘कॅलिको’ झाल्याचे सिद्ध आहे, तेव्हा गावाचे नाव कापडाला लागणे अशक्य नाही. तरीही डोंगरीला हे श्रेय देण्यापूर्वी सतराव्या शतकातील ईस्ट इंडिया कंपनीच्या मालाच्या याद्यांत हे कापड कोणत्या वखारीच्या नावापुढे येते, ते तपासत आहे.