जुनी नाणी ऑनलाइन विकताय? लिलाव कधी आणि फिक्स रेट कधी

हल्ली बरेच जण एकच प्रश्न विचारतात. कुणाच्या घरी आजोबांच्या ट्रंकेत नाणी निघालेली असतात, कुणाला आपल्या कलेक्शनमधले डबल पीस काढायचे असतात, आणि मग प्रश्न येतो की लिलावाला टाकू का सरळ किंमत लिहून टाकू. प्रत्येकाला वेगळं उत्तर टाईप करत बसण्यापेक्षा इथे एकदाच नीट लिहून ठेवतो. मी दुकानदार नाही, गोळा करणारा माणूस आहे, पण डबल विकूनच पुढचा पीस घेतो, त्यामुळे दोन्ही प्रकार कायम चालू असतात.

माझं मत असं आहे की किंमत तुम्हाला पण माहीत आणि घेणाऱ्याला पण माहीत अशी वस्तू असेल तर फिक्स रेटच लावा. किंमत कुणालाच नक्की सांगता येत नसेल तर लिलाव, पण तोसुद्धा तेव्हाच जेव्हा ती वस्तू मनापासून हवी असणारी किमान दोन माणसं त्या वेळेला तिथे हजर असतील. ही दुसरी अट लोक विसरतात आणि मग म्हणतात लिलावात माल पडेल भावाने जातो.

शिवराईचंच उदाहरण घ्या. एका बाजूला ‘श्री राजा शिव’ आणि दुसऱ्या बाजूला ‘छत्रपति’, तांब्याचं नाणं. १६७४ च्या राज्याभिषेकापासूनचं म्हणून लोक भावनेने घेतात, पण शिवराई पुढे पेशवाईतही पाडली जात होती आणि इंग्रज आल्यावरही बरीच वर्षं बाजारात फिरत होती, त्यामुळे आज हातात येणाऱ्या बहुतेक शिवराया महाराजांच्या काळातल्या नसून नंतरच्या आहेत. त्यातली दुदांडी, म्हणजे दोन आडव्या रेघा असलेली, ही तर सगळ्यात जास्त मिळते. ती कुठल्याही प्रदर्शनात टेबलावर ढिगाने पडलेली असते, साधारण काय भावाने जाते हे दहावीतल्या कलेक्टर पोराला पण माहिती असतं. तिचा लिलाव लावून काय होणार? दोन बोल्या येतील, बाजारभावाच्या खालीच थांबतील, कारण प्रत्येकाला माहितीये की ही हुकली तर पुढच्या रविवारी दुसरी मिळेल. दुदांडीला सरळ रेट लावा, आणि एकेक विकत बसायचा कंटाळा असेल तर दहा-दहाचे लॉट करून लॉटचा रेट लावा, नवीन गोळा करायला लागलेली मुलं लॉट आनंदाने घेतात.

पण त्याच डब्यात एखादी अशी निघते की तिच्यावर ‘शिव’च्या जागी ‘सिव’ आहे, किंवा अक्षरांचं वळण वेगळं, किंवा ठसा असा बसलाय की बिंदूंची कड पूर्ण दिसतेय, जे शिवराईत फार कमी वेळा दिसतं कारण ठसा चकतीपेक्षा मोठा असायचा आणि अर्धा मजकूर बाहेरच राहायचा. हाताने ठोकून पाडलेलं नाणं आहे, त्यामुळे एकासारखं दुसरं नसतंच. अशा पीसला रेट काय लावणार? तुम्ही हजार लावलात तर कदाचित पाच मिनिटांत जाईल आणि घेणारा मनात हसेल, पाच हजार लावलात तर वर्षभर पडून राहील. इथे लिलावच खरा, कारण शिवराईचे प्रकार जुळवत बसलेले जे मोजके लोक आहेत ना, त्यांनाच त्याची खरी किंमत कळते आणि ती त्यांच्याकडून बाहेर काढायचा दुसरा मार्ग नाही.

मागे असाच एक पीस मी एका व्हॉट्सॲप ग्रुपवर टाकला होता. ज्यांनी हे पाहिलेलं नाही त्यांच्यासाठी सांगतो, पद्धत साधी असते. दोन्ही बाजूंचे फोटो, वजनकाट्यावर ठेवलेला एक फोटो, आणि खाली लिहायचं की स्टार्ट ३००, जंप ५०, टाईम रात्री १०, ५ मिनिट रूल. म्हणजे बोली ३०० पासून, प्रत्येक पायरी ५० ची, आणि शेवटच्या पाच मिनिटांत बोली आली की वेळ पाच मिनिटं पुढे. बोली लावायची तर त्या फोटोलाच रिप्लाय करून आकडा टाकायचा, नुसता आकडा ग्रुपवर टाकला तर धरत नाहीत. दिवसभर ती ४५० वर अडकून होती आणि एकदोघांनी मला पर्सनलवर मेसेज करून विचारलं की पाचशेला द्या आणि लिलाव बंद करा. मी नाही म्हटलं, कारण एकदा लावलेला लिलाव मध्येच मागच्या दाराने बंद करणं म्हणजे ज्यांनी बोली लावलीये त्यांचा अपमान आहे. दहाला पाच कमी असताना नागपूरचे एक काका आले, मग कोल्हापूरचा एक जण, आणि मग दोघंच, ५०-५० ने, प्रत्येक वेळी पाच मिनिटं पुढे. सव्वाअकराला २१०० वर थांबलं. दोघांच्याही कलेक्शनमध्ये तो प्रकार नव्हता, बाकी सगळा ग्रुप नुसता बघत होता.

आता विचार करा, कोल्हापूरचा माणूस त्या रात्री लग्नाला गेला असता तर? काका कितीही द्यायला तयार असते तरी त्यांना ती साडेपाचशेला मिळाली असती. लिलावात किंमत ठरवतो तो दुसऱ्या नंबरचा माणूस. जिंकणाऱ्याच्या खिशात किती होते हे कधी कळतच नाही, त्याला फक्त दुसऱ्याच्या एक पायरी वर जावं लागतं. ईबे या ऑनलाइन लिलावाच्या साईटवर तर हे मशीनच करतं, तुम्ही तुमची जास्तीत जास्त रक्कम टाकून ठेवायची आणि सिस्टीम गरजेपुरतीच बोली वाढवत नेते, म्हणजे तुम्ही १०० डॉलर टाकले आणि दुसऱ्याचे कमाल ४० असतील तर तुम्हाला ते चाळीसच्या जरा वर मिळतं. विल्यम विक्री नावाच्या अर्थशास्त्रज्ञाने असल्या दुसऱ्या किमतीच्या लिलावाचं गणित १९६१ मध्येच मांडलं होतं आणि त्याला १९९६ मध्ये नोबेल मिळालं. बिचारा घोषणेनंतर तीन दिवसांत गेला.

आणि ते ५ मिनिट रूल म्हणजे फालतू नियम नाहीये. ईबेवर वेळ ठरलेली असते, संपली की संपली, म्हणून लोक शेवटच्या काही सेकंदात बोली मारतात आणि दुसऱ्याला उत्तर द्यायला वेळच मिळत नाही. ॲमेझॉनने पूर्वी लिलाव चालवले होते तेव्हा त्यांच्याकडे शेवटी बोली आली की वेळ दहा मिनिटं वाढायची. अल्विन रॉथ आणि ॲक्सेल ओकेनफेल्स या दोघांनी २००२ मध्ये दोन्हींची तुलना करून दाखवली की शेवटच्या क्षणी बोली मारायची सवय ईबेवर कितीतरी जास्त होती. आपल्या ग्रुपवाल्यांनी कुठलाही पेपर न वाचता तोच ॲमेझॉनवाला नियम धरला, आणि विकणाऱ्याच्या दृष्टीने तोच चांगला आहे. ज्या ग्रुपवर हा रूल नाही तिथे मी भारी पीस टाकत नाही.

जुन्या लोकांना बाझी डॉट कॉम ही आपल्याकडची लिलावाची साईट आठवत असेल. २००० मध्ये सुरू झालं, २००४ मध्ये ईबेने घेतलं, आणि २०१८ मध्ये ईबेची भारतातली साईट बंदच झाली. त्या काळात टपाल तिकिटं, नाणी सगळी तिथे लिलावात चालायची. गंमत म्हणजे खुद्द ईबेने २००० मध्येच ‘बाय इट नाऊ’ आणलं होतं आणि आज तिथला बहुतेक माल फिक्स किमतीचाच असतो. लोकांना आठवडाभर थांबायचं नसतं आणि बाजारभाव आता मोबाईलवर दिसतो, मग बोली कशाला लावतील. पण जुनं, एकमेव, दुर्मिळ असं जे आहे त्यात लिलाव अजून टिकून आहे, आणि टिकणारच.

आता चांदीचे रुपये, कारण ट्रंकेत सगळ्यात जास्त तेच निघतात. व्हिक्टोरिया, एडवर्ड, पंचम जॉर्ज यांचे रुपये ११.६६ ग्रॅमचे, म्हणजे एक तोळा, आणि त्यात ९१.७ टक्के चांदी, म्हणजे साधारण १०.७ ग्रॅम शुद्ध चांदी. १९४० पासून चांदी ५० टक्क्यांवर आणली, म्हणजे त्यात जेमतेम ५.८ ग्रॅम, आणि १९४७ चा रुपया तर निकेलचाच. हा हिशोब तोंडपाठ करा, कारण चांदीच्या रुपयाला खाली एक जमीन असते, सोनार त्या भावाने कधीही घेईल. म्हणून साध्या सालाच्या रुपयाचा लिलाव १ रुपयापासून लावणं हा शुद्ध वेडेपणा आहे, ग्रुपवर त्या दिवशी माणसं कमी असली तर चांदीच्या भावाखाली जाईल. फिक्स रेट लावा आणि चांदी हलेल तसा रेट बदलत राहा. चांदी वर गेलेली असताना जुनी लिस्टिंग तशीच ठेवलीत तर ती नेमकी त्याच दिवशी उचलली जाते.

१९३९ चा रुपया मात्र वेगळा विषय. तो दुर्मिळ आहे, किंमत मोठी आहे आणि म्हणूनच त्याच्या नकला पण भरपूर फिरतात. असा पीस ऑनलाइन लिलावाला टाकला की प्रत्येक जण मनात भीती धरून बोली लावतो, खरा असला तर काय आणि खोटा असला तर काय, आणि त्या भीतीपोटी किंमत अर्ध्यावर अडकते. तुमचा पीस खरा असेल तर आधी एनजीसी किंवा पीसीजीएस या नाणी तपासून सीलबंद करून देणाऱ्या कंपन्यांकडून स्लॅब करून घ्या, खर्च आहे, वेळ जातो, पण तो सील झालेला डबा आणि त्यावरचा नंबर असला की लिलावात लोक नाण्यावर बोली लावतात, संशयावर नाही. इतका महाग पीस मी तर व्हॉट्सॲपवर विकायचाच नाही म्हणेन, छापील कॅटलॉग काढणाऱ्या लिलाव कंपन्या आहेत, त्यांचं कमिशन जातं पण त्यांच्याकडे दुसऱ्या नंबरचा माणूस नक्की असतो.

तिकिटांचं उलट. १५ ऑगस्ट १९४८ चा गांधीजींचा सेट, दीड आणा, साडेतीन आणे, बारा आणे आणि १० रुपये, याला कॅटलॉग किंमत आहे, कंडिशनप्रमाणे त्याच्या किती टक्क्याला जातो हे सगळ्यांना ठाऊक असतं. मागचा गोंद शाबूत आहे का, हिंजचा, म्हणजे तिकीट अल्बमला चिकटवायच्या छोट्या कागदाचा डाग आहे का, आपल्या दमट हवेने कागद पिवळा पडलाय का, एवढंच बघायचं. मागच्या बाजूचा स्वच्छ फोटो टाका, रेट लिहा, आणि दहा टक्के जागा ठेवा, कारण आपल्याकडे ‘फायनल किती?’ हे विचारल्याशिवाय कुणी घेत नाही आणि थोडं कमी केल्याचं समाधान त्यालाही मिळू द्या.

अजून एक फरक आहे जो मला फार महत्त्वाचा वाटतो. लासलगावला कांद्याचा लिलाव होतो कारण ट्रॅक्टर भरून आणलेला कांदा आज विकायलाच हवा, परत नेला तर भाडं अंगावर आणि माल खराब. नाणं खराब होत नाही. तुम्हाला घाई नसेल तर योग्य रेट लावून सहा महिने थांबता येतं, तो एकच माणूस कधीतरी येतोच. घरात पैशाची नड असेल, शाळेची फी भरायची असेल, तर लिलाव, कारण रविवारी रात्री तो संपतो आणि सोमवारी यूपीआयवर पैसे येतात. म्हणून कुणी विचारलं की मी आधी हेच विचारतो, पैसे कधी हवेत.

रेट ठरवताना मागितलेली किंमत बघू नका, विकली गेलेली किंमत बघा. वैष्णोदेवीचं ५ रुपयांचं नाणं, ७८६ नंबरची नोट, यांना कुणीतरी साईटवर लाखो रुपये लिहून ठेवलेले असतात आणि मग व्हिडिओ फिरतात. लिहायला काय, काहीही लिहिता येतं. यावरून लोकांना रीतसर लुबाडलं जातं, आधी टॅक्स भरा, कमिशन भरा म्हणून पैसे उकळतात, आणि रिझर्व्ह बँकेला २०२१ च्या ऑगस्टमध्ये जाहीर सांगावं लागलं की आमच्या नावाने कुणी असे पैसे मागत असेल तर देऊ नका. तुमच्या आई-वडिलांना हे नक्की सांगा. खरी किंमत बघायची तर लिलाव कंपन्यांचे जुने निकाल त्यांच्या साईटवर असतात, आणि ग्रुपवर मागे स्क्रोल केलं तर प्रत्येक लिलाव कितीला बंद झाला ते सापडतं.

आणि एक कळकळीची विनंती. स्वतःच्याच लिलावात मित्राला बसवून बोली चढवू नका. दोनशे-चारशे जास्त मिळतात, पण ग्रुपवर पन्नास-साठ लोक असतात आणि ते एकमेकांना वर्षानुवर्षं ओळखतात, कुणाचा मित्र दर वेळी बोली लावतो आणि कधीच जिंकत नाही हे त्यांना दिसतं. मग चांगले घेणारे गप्प होतात. एक छान चाललेला ग्रुप मी असाच मरताना पाहिलाय, नवीन पोरं ज्यांनी खाऊच्या पैशातून बोल्या लावल्या होत्या ती हा छंदच सोडून गेली, याचं मला फार वाईट वाटतं. कमीतकमी अमुक हवेच असतील तर स्टार्टच तेवढ्याला ठेवा, त्यात काही लाज नाही.

परदेशात विकायचा विचार असेल तर तो शंभर वर्षांवरच्या नाण्यांच्या बाबतीत डोक्यातून काढाच. १९७२ च्या पुरावशेष कायद्याप्रमाणे १०० वर्षांपेक्षा जुनी वस्तू देशाबाहेर पाठवता येत नाही, नाणीसुद्धा त्यात येतात. बाहेरचे लोक डॉलरमध्ये कितीही देऊ म्हणाले तरी शिवराई इथेच विका.

माझ्याकडे सध्या दुदांडीचे चार लॉट आणि एक गांधी सेट आहे, बारा आण्याच्या मागे हलका हिंज आहे, रेट कालच ग्रुपवर टाकलेत. एक शिवराई अजून ठेवून दिलीये, तिच्यावरचं एक अक्षर मला नीट लागत नाहीये, ते लागलं की एखाद्या रविवारी, दिवाळीची धावपळ संपल्यावर, सगळे घरी असतील तेव्हा लिलावाला लावेन.