तुम्ही विचारलंत म्हणून: ओबामांची ती पहिली जागा

ओबामा राष्ट्राध्यक्ष होण्याआधी अमेरिकेच्या केंद्रीय सिनेटमध्ये इलिनॉयचे सिनेटर होते, आणि त्याच्याही आधी सिनेटरच होते, मग ही आधीची सिनेट कुठली? आणि तिथली पहिली उमेदवारी त्यांना पक्षातून बिनविरोध मिळाली ती कशी? अमेरिकेतल्या निवडणुकांचा विषय निघाला की हे दोन प्रश्न हमखास येतात. उत्तर एकाच मतदारसंघात आहे: शिकागोच्या दक्षिण भागातला, इलिनॉय राज्य सिनेटचा 13वा मतदारसंघ.

आधी एक गैरसमज दूर करू. राज्य सिनेट म्हणजे आपली विधान परिषद नव्हे. आपल्या परिषदेतले 78 सदस्य आमदार, स्थानिक संस्था, पदवीधर, शिक्षक आणि राज्यपाल यांच्याकडून येतात. इलिनॉयच्या सिनेटमध्ये 59 जागा आहेत आणि प्रत्येक जागा थेट लोकांच्या मतांनी भरते. 2020च्या जनगणनेत राज्याची लोकसंख्या 1 कोटी 28 लाखांच्या वर होती, म्हणजे एका सिनेटरमागे सुमारे 2 लाख 17 हजार माणसं. प्रत्येक सिनेट मतदारसंघाचे बरोबर दोन भाग करतात आणि प्रत्येक भागातून खालच्या सभागृहाचा एक प्रतिनिधी निवडला जातो. त्यामुळे 13व्या सिनेट मतदारसंघात नेहमी 25वा आणि 26वा प्रतिनिधी मतदारसंघ असतो. आकडा दुप्पट करा, एकाने मागे या, की जोडी मिळाली.

या मतदारसंघात मतदानाच्या दिवशी फार थोडं ठरतं. डेमोक्रॅटिक पक्षाचं वर्चस्व इतकं जुनं आहे की नोव्हेंबरची निवडणूक बहुधा औपचारिकता असते. 1996मध्ये ओबामांना 80 टक्क्यांहून अधिक मतं पडली. खरा निर्णय तीन ठिकाणी होतो: मतदारसंघांचा नकाशा आखताना, उमेदवारीसाठीच्या सह्यांचे कागद तपासताना आणि मध्येच रिकामी झालेली जागा भरताना. या जागेचा इतिहास म्हणजे या तीन ठिकाणांचाच इतिहास आहे.

नकाशापासून सुरुवात करू. इलिनॉयने 1901नंतर अर्धशतकभर मतदारसंघ बदललेच नाहीत. शिकागो फुगत गेलं, पण सत्ता खेड्यापाड्यांकडे राहिली. 1954च्या घटनादुरुस्तीने कोंडी फुटली, पण सिनेटच्या जागा क्षेत्रफळ पाहून वाटल्या गेल्या: 58पैकी शिकागोला 18. 1964मध्ये सर्वोच्च न्यायालयाने रेनॉल्ड्स विरुद्ध सिम्स या खटल्यात बजावलं की राज्याच्या दोन्ही सभागृहांचे मतदारसंघ लोकसंख्येनेच ठरले पाहिजेत. त्याच वर्षी इलिनॉयमध्ये खालच्या सभागृहाचा नकाशा करण्यात पक्षांचं जमलं नाही आणि सगळ्या 177 जागा राज्यभरातून एकत्र लढवाव्या लागल्या. दोन पक्षांचे प्रत्येकी 118 उमेदवार, एका मतपत्रिकेवर 236 नावं, आणि तिची लांबी 33 इंच. लोक तिला चादर म्हणत. सिनेटचा नवा नकाशा 1965मध्ये न्यायालयाच्या देखरेखीखाली आला, शिकागोला वाढीव जागा मिळाल्या, आणि पुढच्याच निवडणुकीत हाइड पार्कच्या परिसरातून रिचर्ड न्यूहाउस सिनेटमध्ये गेले. 1967पासून 1991पर्यंत ते तिथे होते. 1975मध्ये महापौरपदासाठी ते विद्यमान महापौर रिचर्ड डेली यांच्याविरुद्ध पक्षाच्या प्राथमिक निवडणुकीत (पक्षाचा उमेदवार मतदारच ठरवतात ती फेरी) उतरले. शिकागोत कृष्णवर्णीय महापौर होण्याच्या आठ वर्षं आधीची ही गोष्ट. त्यांचं नाव आज फारसं कुणी घेत नाही, हे मला खटकतं.

चादरीचा तो प्रकार पुन्हा होऊ नये म्हणून 1970च्या राज्यघटनेत एक विलक्षण तरतूद आली. जनगणनेच्या पुढच्या वर्षी 30 जूनपर्यंत विधिमंडळाने नकाशा केला नाही, तर आठ जणांचा आयोग बसतो, एका पक्षाचे जास्तीत जास्त चार. तिथेही बरोबरी झाली तर राज्याचं सर्वोच्च न्यायालय दोन पक्षांची दोन नावं देतं आणि राज्य सचिव सर्वांसमक्ष एक चिठ्ठी काढतात. ज्याची चिठ्ठी, त्याच्या पक्षाचा नकाशा, तोही दहा वर्षांसाठी. चिठ्ठीची भीती घातली की पक्ष समजुतीने घेतील, असा घटनाकारांचा हिशेब होता. झालं उलट. 1981, 1991 आणि 2001 अशी तीन दशकं ओळीने चिठ्ठी निघाली: पहिल्यांदा डेमोक्रॅट, मग रिपब्लिकन, मग पुन्हा डेमोक्रॅट. 2001मध्ये सचिव जेसी व्हाइट यांनी लिंकनच्या उंच टोपीच्या प्रतिकृतीतून शिकागोचे माजी महापौर, डेमोक्रॅट मायकेल बिलँडिक यांचं नाव काढलं.

त्या एका चिठ्ठीने 13व्याचा आकार बदलला. नव्वदच्या दशकात हा मतदारसंघ हाइड पार्क, केनवुड, साउथ शोअर, वुडलॉन आणि पश्चिमेला एंगलवुडच्या दिशेने पसरलेला होता: एकीकडे शिकागो विद्यापीठाचा प्राध्यापकवर्ग, दुसरीकडे शहरातल्या सर्वांत गरीब वस्त्या. नव्या नकाशात तो हाइड पार्कमधून वर सरकला आणि मिशिगन तळ्याच्या काठाकाठाने शहराच्या मध्यभागापर्यंत, गोल्ड कोस्टच्या श्रीमंत इमारतींपर्यंत पोहोचला. ओबामा नकाशा आखणाऱ्या सल्लागारासोबत राज्याच्या राजधानीत, स्प्रिंगफील्डमध्ये संगणकासमोर बसून आपल्या सीमा पाहत होते, हे पुढे प्रसिद्ध झालं. वर्षभरापूर्वीच, 2000मध्ये, काँग्रेसच्या (अमेरिकेच्या केंद्रीय संसदेच्या) जागेसाठी विद्यमान सदस्य बॉबी रश यांच्याकडून ते सपशेल हरले होते. या नकाशाने त्यांना गोरे, सधन, देणगी देऊ शकणारे मतदार दिले. दुसरा परिणाम त्याहून मोठा: 2002मध्ये राज्य सिनेटचं बहुमत डेमोक्रॅटांकडे फिरलं, त्यांचे नेते एमिल जोन्स सिनेटचे अध्यक्ष झाले, आणि सहा वर्षं विरोधी बाकावर बसलेल्या ओबामांची विधेयकं 2003पासून मंजूर होऊ लागली. खुनाच्या तपासातल्या चौकशीचं चित्रमुद्रण सक्तीचं करणारा कायदा त्यातलाच. एका चिठ्ठीवर इतकं अवलंबून असावं, हे कुठल्याही लोकशाहीला शोभणारं नाही. भारतात निवृत्त न्यायाधीशांच्या अध्यक्षतेखालचा परिसीमन आयोग हे काम करतो. त्याच्यावरही टीका होते, पण निदान आमदार स्वतः रेघा ओढत नाहीत.

2011 आणि 2021मध्ये चिठ्ठीची वेळ आली नाही, कारण राज्यपाल आणि दोन्ही सभागृहं एकाच पक्षाची होती. 2021मध्ये मात्र जनगणनेचे तपशीलवार आकडे ऑगस्टपर्यंत येणार नव्हते आणि 30 जूनची मुदत चुकली तर पुन्हा आयोग, पुन्हा चिठ्ठी. म्हणून जुन्या सर्वेक्षणाच्या अंदाजांवर घाईने नकाशा मंजूर झाला. खरे आकडे आल्यावर मतदारसंघांच्या लोकसंख्येतला फरक 10 टक्क्यांच्या रूढ मर्यादेच्या कितीतरी पुढे निघाला, न्यायालयाने तो नकाशा नाकारला आणि तोवर केलेला दुरुस्त नकाशा वर्षअखेरीस टिकला.

आता सह्या. भारतात मान्यताप्राप्त पक्षाच्या उमेदवाराला विधानसभेसाठी एक सूचक पुरतो, अपक्षाला दहा. इलिनॉयमध्ये आज राज्य सिनेटच्या प्राथमिक निवडणुकीसाठी मोठ्या पक्षाच्या उमेदवाराला किमान 1,000 आणि जास्तीत जास्त 3,000 सह्या लागतात. सही करणारा त्याच मतदारसंघातला नोंदणीकृत मतदार हवा, पत्ता मतदार यादीतलाच हवा, सही यादीतल्या सहीशी जुळायला हवी. प्रत्येक पानाखाली सह्या गोळा करणाऱ्याचं नोटरीसमोर केलेलं प्रतिज्ञापत्र हवं, पानांना क्रमांक हवेत आणि सगळा गठ्ठा बांधलेला हवा. दाखल करायची मुदत संपल्यावर कामकाजाच्या पाच दिवसांत कुणीही मतदार हरकत घेऊ शकतो, मग एकेक ओळ तपासली जाते.

1995च्या डिसेंबरात हेच झालं. न्यूहाउस यांच्यानंतर 1991मध्ये ॲलिस पामर यांची नेमणूक झाली होती. काँग्रेस सदस्य मेल रेनॉल्ड्स यांच्या जागेसाठी पामर उभ्या राहिल्या आणि आपल्या सिनेटच्या जागेसाठी त्यांनी ओबामांना पाठिंबा दिला. पण 28 नोव्हेंबरला त्या जेसी जॅक्सन ज्युनियर यांच्याकडून हरल्या, आणि आपली जुनी जागा परत हवी म्हणून अवघ्या काही दिवसांत सह्या गोळा करायला लागल्या. त्या वेळी 757 वैध सह्यांची गरज होती. त्यांनी सुमारे 1,580 दिल्या, म्हणजे दुपटीहून अधिक. ऐकायला पुरेशा वाटतात, पण घाईत गोळा केलेल्या सह्यांतल्या निम्म्या गळणं अजिबात नवलाचं नाही. कुणी सहीऐवजी नाव छापील अक्षरांत लिहितो, कुणी रस्त्यापलीकडच्या मतदारसंघातला असतो, कुणी घर बदलून नोंद बदललेली नसते. त्यात निवडणूक मंडळाने नुकतीच 13व्यातली मतदार यादी साफ करून 15,871 नावं वगळली होती. जुनी यादी हातात धरून दारोदार फिरलेल्यांच्या सह्या तिथेच बाद झाल्या. ओबामांच्या कार्यकर्त्यांनी पामर यांच्यासह चारही प्रतिस्पर्ध्यांच्या कागदांवर हरकती घेतल्या. एकाला 69 सह्या कमी पडल्या, दुसऱ्याला 86. जानेवारीत पामर यांनी माघार घेतली. चौघेही बाहेर, आणि मार्चच्या मतपत्रिकेवर एकच नाव.

हे नियमबाह्य होतं का? अजिबात नाही. खोट्या सह्यांना आळा बसावा म्हणूनच ही तपासणी आहे आणि ती असायला हवी. पण छापील अक्षरांत लिहिलेल्या नावामागे खरा, जिवंत मतदार असतो, आणि त्याची सही गेली की त्याची पसंतीही जाते. चार वर्षं ज्यांनी काम केलं त्या सिनेटरचा निकाल मतदारांनी लावायला हवा होता, असं माझं ठाम मत आहे. व्यवहारात यावर एकच उपाय आहे: गरजेच्या अडीच-तीन पट सह्या गोळा करायच्या आणि दाखल करण्याआधी ताज्या यादीशी स्वतःच ताडून पाहायच्या. ओबामांनी 3,000हून अधिक दिल्या होत्या.

तिसरं ठिकाण म्हणजे पक्षाच्या समितीची बैठक. आपल्याकडे आमदाराची जागा रिकामी झाली की साधारण सहा महिन्यांत पोटनिवडणूक होते. इलिनॉयमध्ये पोटनिवडणूक नसते. जाणाऱ्या सिनेटरच्या पक्षाचे त्या मतदारसंघातले वॉर्ड-प्रमुख 30 दिवसांत बसून त्याच पक्षाचं माणूस नेमतात, आणि प्रत्येकाच्या मताचं वजन वेगवेगळं असतं. मुदत 28 महिन्यांपेक्षा जास्त उरली असेल तरच पुढच्या सार्वत्रिक निवडणुकीत ती जागा लोकांपुढे जाते. ओबामांनी नोव्हेंबर 2004मध्ये राजीनामा दिला तेव्हा जानेवारी 2007पर्यंत 26 महिने उरले होते. त्यामुळे काही दिवसांतच नेमलेले क्वामे राउल मतदारांपुढे न जाता उरलेली मुदत पूर्ण करू शकले. राउल राज्याचे ॲटर्नी जनरल झाल्यावर जानेवारी 2019मध्ये रॉबर्ट पीटर्स यांचीही नेमणूकच झाली. पामर, राउल, पीटर्स: तिघेही आधी नेमणुकीने आत आले, मतं नंतर मिळाली. नेमलेला माणूस पुढच्या वेळी विद्यमान सिनेटर म्हणून उभा राहतो, आणि त्याला हरवणं अवघड जातं. हे तिघेही कर्तबगार होते यात शंका नाही, पण पद्धत दुरुस्त व्हायलाच हवी.

कुठल्याही राज्य सिनेट मतदारसंघाचा इतिहास स्वतः शोधायचा असेल तर क्रमांकाच्या मागे लागू नका, जमिनीच्या मागे लागा. दर दहा वर्षांनी क्रमांक तोच राहून वस्ती बदलू शकते, किंवा वस्ती तीच राहून क्रमांक. आधी एक ठरावीक पत्ता धरा, मग प्रत्येक दशकाच्या नकाशात तो कुठे पडतो ते बघा. सदस्यांच्या यादीत कार्यकाळ जानेवारीच्या शपथविधीऐवजी भलत्याच महिन्यात सुरू झालेला दिसला, तर तिथे बहुधा नेमणूक आहे. एकच सिनेटर कधी चार, कधी दोन वर्षांनी निवडणूक लढवताना दिसला तर गोंधळू नका: इलिनॉयमध्ये जागांचे तीन गट असून दशकातल्या मुदती दोन-चार-चार, चार-दोन-चार किंवा चार-चार-दोन अशा फिरतात. ओबामा 1996, 1998 आणि 2002मध्ये उभे राहिले ते त्यामुळेच. आणि प्राथमिक निवडणुकीत एकच नाव असेल तर त्याआधीच्या डिसेंबर-जानेवारीतल्या हरकतींच्या नोंदी काढून वाचा. बाकीची नावं बहुतेक वेळा तिथे सापडतात.