खांदेकऱ्यांची वाट: डार्टमूरच्या लिच वेवर एक दिवस

'लिच' म्हणजे प्रेत. जुन्या इंग्रजीतला शब्द, आता बोलण्यात कुठे येत नाही, फक्त चर्चच्या आवारात शिरताना जो छपराचा दरवाजा असतो त्याला अजून लिचगेट म्हणतात आणि इंग्लंडच्या नैऋत्येला डार्टमूर म्हणून उघडा उंच प्रदेश आहे तिथल्या एका वाटेला लिच वे म्हणतात. प्रेतवाट. आम्ही एक्सेटरला राहायला आलो त्याच वर्षी मी ही वाट नकाशावर पहिल्यांदा बघितली आणि तेव्हापासून ती डोक्यातून गेलीच नव्हती, पण दरवेळी काहीतरी निघायचं, कधी पाऊस कधी पाहुणे. शेवटी मेच्या शेवटच्या शनिवारी मी आणि बायको बेलेव्हरहून निघालो आणि संध्याकाळी लिडफर्डला पोचलो. साधारण १९ किलोमीटर.

आधी मूर म्हणजे काय ते सांगतो. माळरान म्हणावं तर आपलं माळरान कोरडं. मी देवगडकडचा, म्हणून मला आमचा सडा जास्त जवळचा वाटतो, तसंच उघडं, तसाच वारा, झाड शोधून सापडत नाही. पण सड्याखाली जांभा असतो, इथे खाली ग्रॅनाइट आहे आणि त्याच्यावर काळंकुट्ट पीट, हजारो वर्षं अर्धवट कुजत साचलेल्या शेवाळाचा थर, पाणी पिऊन स्पंजासारखा फुगलेला. टेकड्यांच्या माथ्यावर ग्रॅनाइट उघडा पडून दगडावर दगड रचल्यासारखे ढीग दिसतात त्यांना टॉर म्हणतात. ९५४ चौरस किलोमीटरचा नॅशनल पार्क आहे, १९५१ सालापासून. वरच्या भागात वर्षाला २००० मिलिमीटरच्या आसपास पाऊस, आता कोकणातल्या माणसाला या आकड्याचं काय कौतुक, पण आपला पाऊस चार महिन्यांत कोसळून मोकळा होतो, इथला बारा महिने झिरपत राहतो, त्यामुळे जमीन कधी वाळतच नाही.

आणि या असल्या जमिनीवरून लोक मेलेल्या माणसाला घेऊन चालत जायचे.

झालं असं होतं की मूरचा बहुतेक मधला भाग लिडफर्डच्या चर्चच्या हद्दीत यायचा, आणि लिडफर्ड आहे पार पश्चिमेच्या टोकाला. ईस्ट डार्ट नदीच्या अंगाला बाबेनी, पिझवेल अशा छोट्या वाड्या होत्या, अजून आहेत, तिथे कोणी गेलं की पुरायला लिडफर्डलाच न्यायचं, जवळ दुसरं चर्च असलं तरी नियम म्हणजे नियम. शेवटी तिथल्या लोकांनी एक्सेटरच्या बिशपकडे अर्ज केला. १२६० साली बिशप ब्रॉन्सकोमनं चौकशी करून त्यांना जवळच्या वाइडकोमच्या चर्चला जायची मुभा दिली. त्या नोंदीत अंतर कसं लिहिलंय बघा, चांगल्या हवेत ८ मैल, वादळी हवेत वळसा घालून १५ मैल. मला ही नोंद फार आवडते. कचेरीत बसलेला माणूस एकच आकडा सांगतो, दोन आकडे सांगणारा पायांनी चालून आलेला असतो, नद्यांना पूर आल्यावर कुठून जावं लागतं ते त्यानं भोगलेलं असतं.

आदल्या रात्री आम्ही पोस्टब्रिजच्या पुढे वॉरन हाउस इन म्हणून मूरवर एकटंच उभं असलेलं पब आहे तिथे जेवायला गेलो. १८४५ सालचं, आणि तेव्हापासून चुलीतली आग विझलेली नाही असं सगळे सांगतात. आम्ही आगीशेजारचीच जागा धरली. या जागेबद्दल एक गोष्ट सांगतात. हिवाळ्यात बर्फात अडकलेला एक वाटसरू इथे रात्रीपुरता उतरतो, खोलीत एक मोठी पेटी असते, झोप येईना म्हणून झाकण उघडून बघतो तर आत म्हातारा मरून पडलेला. रात्रभर बिचारा थरथरत बसतो, इथे खुनी लोक राहतात असंच त्याला वाटतं. सकाळी धीर करून विचारतो तर घरातला मुलगा सांगतो, अहो, ते आमचे वडील. बर्फात टॅव्हिस्टॉकला नेता येत नाही, म्हणून आईनं मिठात घालून ठेवलेत. डुकराचं मांस खारवतात तसं.

इकडे ही गोष्ट लोक हसत हसत सांगतात. मला नाही हसू आलं. मला त्या बाईचं वाटलं, माणूस गेलाय, वाट बंद आहे, आणि घरात मीठ आहे.

सकाळी सातला बेलेव्हरच्या जुन्या दगडी पुलापाशी होतो. हे क्लॅपर ब्रिज म्हणजे नुसत्या ग्रॅनाइटच्या लाद्या खांबांवर टाकलेल्या, चुना नाही काही नाही. इथल्या पुलाची मधली लादी गेलेली आहे त्यामुळे पूल म्हणून उपयोग शून्य, पण बघायला जरूर थांबा. या डार्ट नदीबद्दल इथे जुनी म्हण आहे की ती दरवर्षी एक जीव मागते, आणि रात्री नदीचा आवाज बदलला की तिनं हाक मारली असं म्हणतात. आम्ही होतो तेव्हा मात्र पाणी पोटरीएवढं आणि चहाच्या रंगाचं. पीटमुळे इथलं सगळं पाणी तसंच दिसतं.

जंगल ओलांडून मोठा रस्ता क्रॉस केला की पावडर मिल्सचे पडके कारखाने लागतात, १८४४ मध्ये इथे बंदुकीची दारू बनवायला सुरुवात झाली होती, आता नुसत्या चिमण्या उभ्या आहेत. तिथून चढ लागतो आणि चढावर दोन्ही बाजूला गॉर्सची झुडपं, काटेरी, पिवळीधमक फुललेली. ऊन पडलं आणि एकदम ओल्या खोबऱ्याचा वास आला. मी थांबलो. बायको म्हणाली काय झालं, मी म्हटलं वास घे. तिनं फूल हातात चुरडून हुंगलं आणि म्हणाली, अरे, ही तर आईंनी नारळ खवलाय! गॉर्सला खरंच खोबऱ्यासारखा वास येतो, पुस्तकातही लिहिलेलं आहे, पण इंग्लंडमध्ये एका डोंगरावर वाऱ्याबरोबर नारळाचा वास येणं म्हणजे काय हे कोकणातल्या माणसालाच कळेल.

पुढे लाँगाफर्ड टॉरच्या खाली विस्टमन्स वूड दिसतं. ओकची झाडं, पण खुरटी, पिळवटलेली, शेवाळलेल्या धोंड्यांमधून वर आलेली. आत पाय देऊ नका अशी विनंती करतात, माणसांनी तुडवून शेवाळ मरतं, म्हणून आम्ही वरूनच बघितलं. तुम्हीही वरूनच बघा, आत जाऊन फोटो काढायचा मोह आवरा. इथूनच रात्री विश्ट हाउंड्स निघतात म्हणे, काळी कुत्री, मागे काळ्या घोड्यावर शिकारी. वाइडकोमच्या जत्रेतून पिऊन परतणारा एक शेतकरी त्या शिकाऱ्याला ओरडून म्हणतो, आज काय मिळालं, आम्हालाही द्या की थोडं! शिकारी हसतो आणि एक गाठोडं फेकतो, घे. शेतकरी घरी जाऊन कंदिलाच्या उजेडात गाठोडं सोडतो तर आत त्याचंच तान्हं मूल, मेलेलं.

या वाटेच्या आसपासच्या गोष्टी एकामागून एक आठवत गेलो तर सगळ्यांत तेच सापडलं. कोणीतरी मेलेलं आहे आणि कोणीतरी त्याला उचलून घरी आणतंय नाहीतर घरातून नेतंय.

वेस्ट डार्ट ओलांडतो तिथे एक बांध आहे, डेव्हनपोर्टला पाणी न्यायला १७९० च्या दशकात खणलेला पाट तिथून सुरू होतो. इथून पुढे खरा मूर. लिडफर्ड टॉर (लिडफर्ड गाव अजून लांब) मागे टाकला की लष्कराची फायरिंग रेंज लागते, तांबडे-पांढरे खांब दिसतात, निघण्याआधी वेळापत्रक बघायचंच, लाल निशाण लावलेलं असेल तर आत जायचं नाही म्हणजे नाही. शनिवारी निशाण नव्हतं. काउसिक नदी पायी ओलांडायच्या जागेला ट्रॅव्हलर्स फोर्ड नाव आहे. तिथे खाली उतरणारी वाट कमरेएवढी खोल खचलेली आहे, एक नाही, शेजारी शेजारी तीन-चार, एक चिखलात गेली की लोकांनी बाजूनं दुसरी पाडली असेल. मी त्यातल्या एका घळीत उतरून दोन्ही कडांना हात लावून बघितले. एका माणसाला सरळ चालता येईल एवढीच रुंदी.

चार जण खांद्यावर घेऊन इथून जाऊच शकत नाहीत. मूरवरून प्रेत घोड्यावर बांधून आणायचे असं सांगतात, ते तिथे उभं राहिल्यावर पटलं.

२०२१ च्या मेमध्ये माझी आजी गेली. कोविडचे दिवस, मी इकडे, फोनवर व्हिडिओ कॉल चालू, चुलतभाऊ मास्क लावून, गावातलं दुसरं कोणी नाही, आणि वहाळाच्या अलीकडे नेटवर्क गेलं. पुढचं मी बघितलेलं नाही. आजीला खांदा द्यायचा तर मी थोरला नातू, पहिला मान माझा होता. त्या घळीत उभं राहून हे सगळं आठवलं आणि बराच वेळ वर यावंसं वाटेना. बायको काही बोलली नाही, वरच्या कडेला बसून राहिली.

लिच वेवर रात्री पांढऱ्या झग्यातले साधू आणि त्यांच्या मागे शोक करणाऱ्यांची लांब रांग दिसते असं इथले लोक सांगत आलेत. आजी आम्हाला वेताळाची पालखी सांगायची. अवसेच्या रात्री डोंगरावरून पलिते खाली येताना दिसले तर बघत उभं राहायचं नाही, बाजूला होऊन वाट द्यायची, पालखीला आडवं जायचं नाही. भीती घालायला सांगत नव्हती ती, रीत म्हणून सांगायची.

कोनीज डाऊनच्या पुढे धुकं आलं. पाच मिनिटांत आलं, समोर चंडोल गात होता तो गातच होता पण दिसायचा बंद झाला. मग पायाखालचं पण बिघडलं, पांढऱ्या कापूसगवताचे तुरे आणि मधे मधे पोपटी हिरवं शेवाळ, ते दिसायला जितकं सुंदर तितकं वाईट, त्याच्यावर पाय ठेवला की जमीन गादीसारखी हलते. माझा डावा पाय गुडघ्यापर्यंत आत गेला, बायकोनं सॅकला धरून मागे ओढलं. मग आम्ही नकाशा आणि कंपास धरून चाललो, पाऊण तास चाललो, आणि समोर एक धोंडा आला, माथ्यावर गवताचा झुपका असलेला. हाच धोंडा आधी एकदा बघितला होता. दोघांनीही ओळखला.

आपल्याकडे याला चकवा लागला म्हणतात. इकडे म्हणतात पिक्सींनी, म्हणजे इथल्या गोष्टींतल्या खोडकर बुटक्यांनी, फिरवलं. चकव्यावर आजीचा उपाय म्हणजे आहे तिथे खाली बसायचं, देवाचं नाव घ्यायचं, उजाडेपर्यंत हलायचं नाही. इथला उपाय, अंगातला कोट काढून उलटा करून घालायचा. बायको म्हणाली आपण दोन्ही करू. जॅकेटं काढली, उलटी केली, शिवणी बाहेर, खिसे लोंबताहेत, आणि धोंड्याच्या आडोशाला बसून थर्मासमधला चहा प्यायलो. मी मनात रामेश्वराचं नाव घेतलं. माझा विश्वास आहे का यावर, असं कोणी विचारलं तर मी एवढंच सांगेन की हे दोन्ही उपाय घाबरलेल्या माणसाला थांबायला लावतात आणि धुक्यात थांबण्यासारखं शहाणपण दुसरं नाही. वीस मिनिटांनी वारा सुटला आणि डाव्या हाताला व्हाइट बॅरोचा उंचवटा दिसला. आम्ही त्याच्या अगदी बाजूलाच गोल फिरत होतो.

पुढचा रस्ता उताराचा आणि सोपा आहे. बॅगा टॉर, मग दगडी बांधांमधली गल्ली, मग टॅव्ही नदी आणि पलीकडच्या चढाला कॉफिन वूड. मूरवरून घोड्यावर आणलेलं प्रेत इथे उतरवून शवपेटीत ठेवायचे आणि इथून पुढे माणसं खांद्यावर न्यायची अशी परंपरा सांगतात. आठ-दहा मिनिटांत पार होईल एवढीशी झाडी, ओक, हॅझेल, खाली सुकायला लागलेली निळी ब्लूबेल. आम्ही तिथे थांबलो, पाणी प्यायलो. मी सॅक पाठीवरून काढून उजव्या खांद्यावर घेतली आणि झाडी संपेपर्यंत तशीच नेली.

लिडफर्डचं सेंट पेट्रॉकचं चर्च छोटं आहे, शेजारी ११९५ सालचा तुरुंगाचा चौकोनी किल्ला. आवारात एका घड्याळजीची प्रसिद्ध कबर आहे, १८०२ सालची, कबरीवर लिहिलंय की इथे घड्याळाचं वरचं कव्हर तेवढं ठेवलंय, कर्ता ते हातात घेऊन साफ करून पुन्हा चालू करील. आम्ही ते वाचत उभे असताना एक म्हातारी बाई फुलांची जुनी पाणी झालेली देठं बादलीत घेऊन आतून आली. आमच्याकडे बघितलं, मग जॅकेटांच्या शिवणींकडे बघितलं. आम्ही ती सुलटी करायचं साफ विसरलो होतो.

"कुठे चुकलात?" तिनं विचारलं.

मी म्हटलं कोनीज डाऊनच्या पुढे, व्हाइट बॅरोच्या अलीकडे.

"हं, तिथेच," ती म्हणाली, बादली खाली ठेवली आणि हात धुवायचा नळ कुठे आहे ते दाखवायला पुढे निघाली.