स्टर्लिंग इंजिन कार्नोच्या किती जवळ जातं? तुम्ही विचारलंत म्हणून

स्टर्लिंग इंजिन म्हणजे आत कोंडलेला गॅस बाहेरून आलटून पालटून तापवून आणि थंड करून चालणारं इंजिन, आणि कार्नोची मर्यादा म्हणजे दोन तापमानांमध्ये चालणाऱ्या कुठल्याही उष्णता इंजिनाला जास्तीत जास्त शक्य असलेली एफिशियन्सी. माझं छोटं मॉडेल इंजिन फिरताना बघितलं की हा प्रश्न येतोच, की आदर्श स्टर्लिंगची एफिशियन्सी कार्नोइतकी असते असं शिकवतात, मग खऱ्या इंजिनात तेवढी मिळते का? नाही मिळत. चांगली बनवलेली इंजिनं कार्नोच्या निम्म्यापर्यंत, फार तर थोडी वर जातात, आणि माझ्या मते हे अजिबात कमी नाही.

गरम बाजू ६५० अंश सेल्सियस आणि थंड बाजू ५० धरा, म्हणजे केल्विनमध्ये ९२३ आणि ३२३. कार्नोच्या सूत्राने मर्यादा आली १ − ३२३/९२३, म्हणजे ६५ टक्के. आता रिजनरेटर बघा, म्हणजे गरम आणि थंड बाजूंच्या मधली धातूची जाळी; रॉबर्ट स्टर्लिंगच्या १८१६ च्या पेटंटचा जीव तोच आहे. गॅस थंड बाजूला जाताना आपली उष्णता जाळीत ठेवून जातो आणि परत येताना उचलून घेतो. गॅस हेलियम असेल आणि त्याचं आकारमान दर फेऱ्यात दुप्पट होत असेल तर बाकी सगळं आदर्श धरूनही, रिजनरेटरच नसेल तर ६५ चे थेट २७ टक्के होतात, आणि तो ९० टक्के उष्णता परत देत असला तरी ५७ च! एवढ्याशा जाळीवर एवढं अवलंबून असतं.

मग जाळी अजून दाट करा की, असं वाटतं ना? मलाही वाटलं होतं, म्हणून मी माझ्या इंजिनात स्टील वूल दाबून भरलं, तर ते चार फेरे मारून थांबलं, कारण गॅसला त्यातून ढकलण्यातच ताकद संपत होती. थोडं उपसून काढल्यावर परत नीट फिरायला लागलं. शिवाय जाळीतल्या पोकळीत जो गॅस अडकतो तो धड प्रसरणही पावत नाही, त्यामुळे त्याच मापाच्या इंजिनातून ताकद कमी मिळते.

दुसरं म्हणजे वेळ. मिनिटाला १५०० फेरे म्हणजे एक फेरा ४० मिलिसेकंदांत, तेवढ्यात गॅसने भिंतीचं तापमान गाठायचं कसं, तो गरम बाजूला नेहमी भिंतीपेक्षा थोडा थंडच राहतो आणि थंड बाजूला थोडा गरम, म्हणजे कार्नोच्या सूत्रात जी तापमानं घालायची ती गॅसला मिळतच नाहीत. सिलेंडरच्या धातूतून सरळ पलीकडे जाणारी उष्णता आणि घर्षण वेगळंच.

तरी २००८ मध्ये अमेरिकेत सँडिया राष्ट्रीय प्रयोगशाळेतल्या सोलर डिश-स्टर्लिंगने (आरशांची तबकडी ऊन एका जागी आणून स्टर्लिंग इंजिन तापवते) ऊन ते ग्रिडची वीज असे ३१.२५ टक्के गाठले, आरसे आणि जनरेटरचे लॉस धरून.