नायट्रस का सुपरचार्जर? तुम्ही विचारलंत म्हणून

परवा चुलतभावाच्या पोराच्या जावळाला गेलो होतो, पांढऱ्या रश्श्याची वाटी नुकती तोंडाला लावलेली, तेवढ्यात शेजारच्या पोरानं विचारलंच, "दादा, नायट्रस का सुपरचार्जर?" म्हणजे गाडीच्या इंजिनची ताकद वाढवायला बाटलीतला नायट्रस ऑक्साइड गॅस बरा, का इंजिनात जादा हवा कोंबणारा सुपरचार्जर. मी म्हटलं सुपरचार्जर आणि रस्सा प्यायलो. हे उत्तर मी कोल्हापुरात उद्यमनगरात चहाच्या गाड्यावर दिलंय, मिसळ खाताना दिलंय, एकदा दवाखान्यात सलाईन लावलेल्या माणसाला दिलंय. आणि त्यावर पुढचं वाक्य ठरलेलं, "हां, तुमचं इंजिन नायट्रसनं फुटलं न्हवं, म्हणून तसं म्हणताय."

नाही. नायट्रसनं फुटलं नाही. एकदाच सगळं लिहितो, परत विचारलं तर हेच वाचायला देणार.

पहिली गोष्ट म्हणजे नायट्रस हे इंधन नाही, तो जळत नाही. अर्ध्या गावाला वाटतं की बाटलीत काहीतरी स्फोटक भरलेलं असतं. अरे तोच गॅस दाताचे डॉक्टर हुंगायला देतात. इंजिनात साधारण ३०० अंशाला त्याची फोड होते आणि ऑक्सिजन सुटतो, वजनानं हवेत ऑक्सिजन २३ टक्के, ह्याच्यात ३६, बस एवढाच खेळ. जादा ऑक्सिजन आला की जादा पेट्रोल द्यायचं, म्हणजे जादा ताकद. पेट्रोल कमी पडलं तर मिश्रण लीन होतं आणि मग पिस्टनची खैर नाही. म्हणजे सगळा विषय गॅसचा नाहीच, त्या जादा पेट्रोलचा आहे.

माझी २००६ ची पेट्रोल स्विफ्ट, १.३ वाली, कंपनीच्या कागदावर ८७ बीएचपी. तिला वेट किट लावलं, पन्नासचा शॉट, म्हणजे साधारण पन्नास बीएचपी जादा. वेट म्हणजे एक सोलेनॉइड (विजेवर उघडणारा व्हॉल्व्ह) गॅसचा आणि एक पेट्रोलचा. फुल थ्रॉटल आणि ३००० च्या वर आरपीएम असेल तरच उघडणार, ठिणगीचं टायमिंग दोन अंश मागं घेतलेलं, सगळं पुस्तकाप्रमाणं. आता ह्यात एक मेख आहे, नीट वाचा. पेट्रोलचं प्रेशर रेग्युलेटर धरून ठेवतो, ते हलत नाही. गॅसचं प्रेशर बाटली किती तापलीय त्यावर. तीसेक अंशाला ९०० पीएसआयच्या आसपास, तिथून हजारापर्यंत बरं चालतं. बाटली त्याच्यावर तापली की गॅस जास्त घुसतो आणि पेट्रोल मात्र तेवढंच.

हे मला माहीत होतं. माहीत होतं हे आधीच सांगून टाकतो, कारण बरीच वर्षं मी ते सांगितलेलं नाही.

मे महिना होता. कर्नाटकात एका बंद धावपट्टीवर ड्रॅगचा, म्हणजे सरळ रेषेतल्या शर्यतीचा कार्यक्रम, पुण्याच्या, बेंगळुरूच्या गाड्या आलेल्या, नुसते स्टिकर बघूनच घाम फुटावा असल्या. आदल्या रात्री आप्पा, म्हणजे माझे वडील, उद्यमनगरात चाळीस वर्षं लेथवर उभा राहिलेला माणूस, गाडीत सामान भरताना एवढंच म्हणाले, "बाटलीवर ओलं पोतं टाकून ठेव रं." आणि त्यांनी खरोखरच एक गोणपाट घडी करून डिकीत ठेवलं. बटाट्याचं होतं, वास येत होता.

सकाळी आठला पोचलो, माझा नंबर लागला दीड वाजता. साडेपाच तास गाडी उन्हात. डिकी उघडली की भट्टीचं दार उघडल्यासारखी झळ. पाण्याचा कॅन शेजारीच होता. आणि मी ते पोतं भिजवलं नाही. का? कारण शेजारी बेंगळुरूची गाडी उभी होती, तिच्या बाटलीला चकचकीत कव्हर, आणि मी तिथं बटाट्याचं ओलं पोतं काढणार? लाज वाटली, दुसरं काही कारण नाही. पोतं मी उलट स्टेपनीखाली सरकवलं, कुणाला दिसू नये म्हणून.

पुढच्या काचेच्या बाजूच्या खांबावर बाटलीच्या प्रेशरचा मीटर बसवला होता. लायनीत गाडी लावली तेव्हा काटा १३०० च्या पुढं. बघितला. नीट बघितला. बाटलीचा कॉक थोडा वेळ बंद ठेवून एक रन साधाच मारता आला असता, नाहीतर नंबर सोडता आला असता. पण आतेभाऊ बाजूला मोबाईल धरून बसलेला, "दादा, नाद खुळा, हाण!" म्हणत होता, आणि डोक्यात एवढंच की तेरा सेकंदांचा प्रश्न आहे, काय होतंय.

दुसऱ्या गियरला गॅस लागला तेव्हा जी लाथ बसली ती आजतागायत परत मिळालेली नाही, हे पण लिहून ठेवतो. तिसऱ्याला पत्र्याच्या डब्यात चिंचोके हलवल्यासारखा आवाज आला. मी पाय उचलेपर्यंत आवाज थांबला होता, आणि आरशात मागची धावपट्टी दिसत नव्हती, नुसता निळा धूर.

गाडी टेम्पोत घालून आणली. आप्पांनी एक शब्द न बोलता प्लग काढले. तिसऱ्या सिलिंडरच्या प्लगच्या चिनीमातीवर चांदीची पूड उडवल्यासारखे बारीक ठिपके. ते अ‍ॅल्युमिनियम होतं, पिस्टनचं. हेड उतरवलं, पिस्टन बाहेर काढला तर दोन रिंगांच्या मधला काठच तुटलेला आणि बोअरवर उभे ओरखडे. आप्पांनी पिस्टन हातात फिरवत विचारलं, "मीटर बघितल्तंस काय?"

मी म्हटलं नाही, गडबडीत राहिलं. आणि वर शहाणपणा, पेट्रोलचा जेट, म्हणजे पेट्रोल मोजून सोडणारं बारीक भोक, चोकअप झाला असणार.

आप्पांनी जेट खोलला, फुंकर मारली, उजेडाला धरून बघितला. एकदम स्वच्छ. काही बोलले नाहीत. काडेपेटीतल्या काड्या खिशात ओतल्या, जेट तिच्यात ठेवला आणि काडेपेटी लेथच्या खणात टाकली.

मग पाच-सहा वर्षं मी सगळीकडं जेटचीच गोष्ट सांगत फिरलो. तुमच्यापैकी बऱ्याच जणांनी ती ऐकलीय. खोटी होती.

आता सुपरचार्जर. ब्लॉक बोअर करून, ओव्हरसाइज पिस्टन टाकून इंजिन परत बांधलं आणि जुन्या मिनी कूपर एस मधला ईटन एम ४५ सेकंडहँड मिळाला तो उचलला. रूट्स टाईप, पट्ट्यावर फिरतो, एका फेऱ्याला ४५ घन इंच हवा ढकलतो. ब्रॅकेट आप्पांनी केला, पुली आप्पांनी टर्न केली, मॅनिफोल्डच्या ओतकामासाठी मात्र शिरोलीत तीन दुकानं हिंडलो कारण आपलं गाव बिडाच्या ओतकामाचं, अ‍ॅल्युमिनियमचा एक पीस म्हटलं की लोक तोंड फिरवतात. बूस्ट, म्हणजे कोंबलेल्या हवेचा जादा दाब, पाच-सहा पीएसआय, त्याच्यावर नाही. जुन्या १.३ चं कॉम्प्रेशन (इंजिन मिश्रण किती पट दाबतं ते) ९ च्या आसपास म्हणून तेवढं तरी सोसतं, तुमच्या नव्या गाड्या ११-१२ वाल्या, तिथं सहाचं स्वप्न बघताना आधी ट्यूनिंगवाला शोधा. आणि इथं आपण समुद्रसपाटीपासून साडेपाचशे मीटर वर, हवा मुळातच जरा पातळ, ती भरपाई ब्लोअर, म्हणजे हा सुपरचार्जरच, करतो हे खरं.

पण तेव्हाचा मी आज समोर बसला असता तर भांडला असता. म्हणाला असता, पट्टा फिरवायला इंजिनचीच ताकद जाते, गरज असो नसो. बरोबर. रूट्स हवा तापवतो, ती थंड करणारा इंटरकूलर नसेल तर तिसऱ्या रनला गाडी म्हातारी होते. तेही बरोबर. नायट्रस उलट हवा थंड करतो, उणे ८८ ला उकळणारी वस्तू आहे ती, आणि बटण बंद असलं की गाडी आपली जशीच्या तशी. सगळंच बरोबर आहे रे. खर्चाचं म्हणशील तर किट स्वस्त पडतं, पण बाटली भरायला दर वेळी मुंबई, आणि पन्नासच्या शॉटवर साडेचार किलोची बाटली बटण दाबून धरलं तर तीनेक मिनिटांची. डिझेल, टोल, मुक्काम धरून तीन मिनिटं. हिशोब मी कधीच पूर्ण केला नाही, मुद्दाम.

कायद्याचंही विचारता. मोटार वाहन कायद्याचं कलम ५२ वाचा, आरसी बुकात जे नाही ते गाडीत चालत नाही, इन्शुरन्सवाले तर वाटच बघत असतात. माझी गाडी ट्रॅकला ट्रेलरवरून जाते. पूर्वी जात नव्हती, हायवेवर जे केलं ते इथं लिहिणार नाही.

तर मग सुपरचार्जर का सांगतो? तो चांगला म्हणून नाही. त्याला दर वेळी माझं मत विचारावं लागत नाही म्हणून. एकदा ट्यून केला की पुलीला लाज वाटत नाही, शेजारी कुणाची गाडी उभी आहे ते पट्ट्याला कळत नाही. पण हे माझं झालं, तुझं मला काय माहीत? तू पोतं भिजवशील कदाचित.

गेल्या दिवाळीत आतेभावानं जुने व्हिडिओ टीव्हीला लावले, त्यात त्या दिवसाची ती दोन मिनिटंही आली. मीटर दिसतोय, काटा दिसतोय, आणि मी मान वळवून काट्याकडं बघतोय तेही दिसतंय. आप्पा समोर बसून चकली खात होते. पूर्ण बघितला आणि म्हणाले, "ऊन लई हुतं त्या दिवशी." मी अजून त्या विषयावर त्यांच्याशी बोललेलो नाही.

बाटली माळ्यावर आहे, रिकामी. विकायला काढलेली नाही, विचारू नका.

आणि गेल्या रविवारी दोन पोरं दुकानात आली, मी नट आवळत होतो म्हणून आप्पांनाच विचारलं, "आजोबा, नायट्रस बरा का ब्लोअर?" आप्पांनी लेथवरनं मान न उचलता विचारलं, "घरात पोतं हाय काय?" पोरांना काही कळलं नाही, हसायला लागली. मी चहा सांगायला बाहेर गेलो.