डॉनिंग्टनच्या टेपवरच्या सतरा फ्रेम्स

मागच्या नोंदीत मी आयर्न मेडन या ब्रिटिश हेवी मेटल बँडच्या ‘डॉनिंग्टन लाइव्ह १९९२’ या व्हीएचएस टेपचे कॅप्चर, म्हणजे टेपवरून संगणकात उतरवून घेणे, पूर्ण झाल्याचे आणि गळालेल्या फ्रेम्सचा (वाटेत हरवलेल्या चित्रांचा) आकडा शून्य आल्याचे मोठ्या अभिमानाने जाहीर केले होते. ते विधान मी आज मागे घेते आहे. त्या शून्यानेच माझा घात केला आणि हे ध्यानात यायला साडेतीन आठवडे गेले. तुमच्यापैकी ज्यांनी तेव्हा अभिनंदन केले त्यांनी ते तूर्त परत घेतले तरी चालेल.

झाले असे की, फाइल तयार झाल्यावर पहिली तीन गाणी पाहून मी समाधानाने संगणक बंद केला होता. पुढच्या रविवारी निवांत बसून थेट शेवटचे, म्हणजे विसावे गाणे लावले. २२ ऑगस्ट १९९२च्या त्या कार्यक्रमात ‘रनिंग फ्री’साठी गिटारवादक एड्रियन स्मिथ पाहुणा म्हणून मंचावर येतो. १९९० मध्ये बँड सोडून गेलेला आणि पुढे १९९९ मध्ये परतलेला आपला माणूस मधल्या काळात आयर्न मेडनसोबत वाजवताना दिसतो तो इथे, आणि माझ्यासारखीने ही टेप जपण्याचे निम्मे कारण तेच आहे. त्याचा हात तारांवरून खाली आला आणि आवाज नंतर आला. पहिल्यांदा वाटले, डोळे थकले असतील. दुसऱ्यांदा पाहिले, तिसऱ्यांदा फ्रेममागून फ्रेम सरकवत पाहिले. चित्र आवाजाच्या तब्बल सतरा फ्रेम्स पुढे होते. आपल्याकडे आणि ब्रिटनमध्ये टेपच्या काळात टीव्हीची पद्धत पालच, सेकंदाला २५ फ्रेम्स, तेव्हा एक फ्रेम म्हणजे ४० मिलिसेकंद आणि सतरा म्हणजे ६८० मिलिसेकंद. एवढ्या वेळात स्टीव्ह हॅरिसची बोटे बेसवरून कितीतरी वेळा दौडून जातात.

माझा पहिला तर्क मला अजूनही अगदीच मूर्खपणाचा वाटत नाही. चित्र येते कॅप्चर स्टिकमधून, म्हणजे व्हीसीआरचे चित्र संगणकात नेणाऱ्या छोट्या उपकरणातून, आवाज मी घेते वेगळ्या साउंड कार्डातून, आणि दोघांची घड्याळे स्वतंत्र स्फटिकांवर चालतात. सुमारे ११५ मिनिटांत ६८० मिलिसेकंदांचा फरक म्हणजे दहा हजारांत एक भाग, आणि स्वस्तातल्या दोन स्फटिकांमध्ये एवढी तफावत सहज पडते. हिशेब इतका नीटनेटका जुळला की मी दुसरे काही तपासलेच नाही. ऑडॅसिटी या आवाज संपादनाच्या आज्ञावलीत आवाज त्या प्रमाणात किंचित आखडून घेतला, फाइल पुन्हा जोडली आणि ‘रनिंग फ्री’ लावले. हात आणि आवाज एकाच क्षणी. मी एकटीच टाळ्या वाजवल्या.

मग सहज म्हणून ‘फियर ऑफ द डार्क’वर गेले. ते दहावे गाणे, म्हणजे साधारण अर्ध्या वाटेवरचे, आणि तिथे चित्र पाच फ्रेम्सनी पुढे होते. शेवट जुळवल्यामुळे मधले बिघडल्यासारखे दिसत होते, पण खरे तर ते आधीपासूनच बिघडलेले होते आणि मी फक्त दोन टोके पाहून मधली रेषा सरळ धरली होती. त्या रात्री आईने दारातून डोकावून विचारले, “अगं, अजून त्याच माणसाचं गाणं चालू आहे का?” गाणे तेच होते, त्याच दोन ओळी होत्या, आणि त्या मी बहुधा साठाव्यांदा ऐकत होते.

पुढचे आठ दिवस मी जे करायला हवे होते ते केले, म्हणजे विसाही गाण्यांत एकेक ठिकाण निवडून चित्र आणि आवाज यांतले अंतर मोजले. हे लिहायला सोपे आहे. तालवाद्यावरचा आघात मोजायला सर्वांत बरा, पण निको मॅकब्रेन आपल्या ड्रमसेटच्या आड इतका बुडालेला असतो की स्नेअरवर पडणारी काठी क्वचितच दिसते. यानिक गर्स गिटार घेऊन ज्या प्रकारे गरगरतो, त्याच्या हातावरून काही मोजणे म्हणजे भोवऱ्यावरची नक्षी वाचण्यासारखे आहे. शेवटी मी उंचावर लावलेल्या क्रॅश झांजा धरल्या. झांज हलायला लागते ती फ्रेम आणि ध्वनिलहरीवर उंच टोक उमटते तो क्षण, या दोन नोंदी घ्यायच्या आणि वजाबाकी करायची. दिवे मालवलेल्या प्रसंगी तेही जमले नाही आणि दोन गाण्यांत गायक ब्रूस डिकिन्सनच्या ओठांवर भागवावे लागले. दुसरा गिटारवादक डेव्ह मरे मात्र नेहमीसारखा शांत उभा राहून वाजवतो, त्याच्यामुळे चार गाणी वाचली.

वीस बिंदू कागदावर मांडल्यावर चढती रेषा मिळायला हवी होती, मिळाला तो जिना. पहिली पाच गाणी सपाट, अंतर शून्य. सहाव्या गाण्यात एकदम सहा फ्रेम्सची उडी, मग पुन्हा सपाट. नवव्यात आणखी सात. सतराव्यात, म्हणजे ‘हॅलोड बी दाय नेम’मध्ये, शेवटच्या चार. सहा, सात आणि चार मिळून सतरा. घड्याळे चुकली असती तर अंतर थेंबाथेंबाने वाढले असते. इथे तीन ठिकाणी कुणीतरी मूठभर फ्रेम्स उचलून नेल्या होत्या. तुमच्याकडे असा घोटाळा झाला तर आधी हा आलेख काढा, माझ्यासारखी दोन टोकांवरून गणिते मांडू नका.

आता त्या तीन जागी काय आहे ते पाहायला कॅसेटचे पाच स्क्रू पुन्हा उघडले. जुन्या वाचकांना आठवत असेल की ही टेप माझ्या मावसभावाने लंडनहून आणली होती आणि ठाण्याच्या घरात अनेक पावसाळे कपाटात काढल्यामुळे तिच्या कडांना पांढरी बुरशी धरली होती. ती सिलिका जेलच्या डब्यात वाळवून आणि आयसोप्रोपिल अल्कोहोलने हळूहळू पुसून मी काढली, तोंडाला मास्क लावून आणि बळीचा बकरा म्हणून ठेवलेल्या जुन्या व्हीसीआरवर, हे सगळे जुन्या नोंदींत आहे. त्यामुळे साहजिकच माझा संशय बुरशीवर होता. तिथे बुरशीचा मागमूसही नव्हता. होत्या त्या टेपच्या खालच्या कडेला पडलेल्या चुण्या, प्रत्येकी बोटभर लांबीच्या. व्हीएचएसमध्ये वरच्या कडेला साधा मोनो आवाज असतो आणि खालच्या कडेला कंट्रोल ट्रॅक, ज्याच्या ठोक्यांवर व्हीसीआर टेपची गती आणि टेप वाचणाऱ्या हेडची जागा सांभाळतो. ती कड चुरगळली की ठोके चुकतात, यंत्र क्षणभर भांबावते, उभ्या सिंकचा, म्हणजे नवे चित्र कुठे सुरू होते ते सांगणारा, संकेत हरवतो आणि कॅप्चर स्टिक तेवढ्या फ्रेम्स पुढे पाठवतच नाही.

मग मोजणीचा आकडा शून्य कसा? कारण व्हर्च्युअलडब या कॅप्चरच्या आज्ञावलीत हरवलेल्या वेळेच्या जागी जुनीच फ्रेम भरून देण्याची जी सोय आहे, ती मीच बंद केली होती. स्वच्छ कॅप्चरमध्ये भरलेली आणि गळालेली अशा दोन्ही रकान्यांत शून्य दिसले पाहिजे, असा माझा हट्ट होता, आणि मी रकाना स्वच्छ ठेवण्यासाठी मोजणाऱ्याचेच डोळे बांधले. स्टिकने फ्रेम दिलीच नाही, आज्ञावलीने विचारली नाही, आणि साउंड कार्ड मात्र आपले प्रामाणिकपणे पुढे मोजत राहिले. सोय सुरू करून पुन्हा कॅप्चर घेतल्यावर आवाज जुळला, पण नवव्या गाण्यात सात फ्रेम्स एकच चित्र गोठून राहते आणि ते डोळ्याला टोचते.

यावर जुन्या जाणत्यांचा उपाय सर्वांना ठाऊक आहे. व्हीसीआर आणि स्टिक यांच्यामध्ये एखादा विशिष्ट पिढीचा डीव्हीडी रेकॉर्डर बसवायचा, त्यावर काहीही रेकॉर्ड न करता संकेत फक्त त्याच्यातून जाऊ द्यायचा, म्हणजे तो गरिबाचा टाइम बेस करेक्टर, म्हणजे डगमगता संकेत पुन्हा ठरल्या वेळेत बसवणारे यंत्र, होतो. लॅमिंग्टन रोडवर तीन शनिवार फिरून मी एक मिळवला. पहिल्या दुकानदाराने ‘चालू माल’ म्हणून जो दिला त्याचा एस-व्हिडिओ सॉकेट आतून सुटलेला होता आणि परत करायला गेल्यावर त्याने मला ओळखलेच नाही. दुसऱ्या दुकानातले काका म्हणाले, “ताई, लावून बघा, मगच पैसे द्या,” आणि स्वतः टीव्ही जोडून दिला. जुना माल घ्यायचा तर हा एवढाच निकष मी मानते.

रेकॉर्डर मध्ये आल्यावर सहाव्या आणि सतराव्या गाण्यातल्या जागा दुरुस्त झाल्या. चित्राचा वरचा भाग जो झेंड्यासारखा वाकायचा तोही सरळ झाला. नवव्या गाण्यातल्या सातपैकी पाच फ्रेम्स परत आल्या, दोन अजून गोठलेल्या आहेत. शिवाय एक अपेक्षित नसलेले सुख पदरात पडले. या खेपेला पूर्ण टेपभर हाय-फायचा, म्हणजे टेपवरच्या चांगल्या स्टीरिओ आवाजाचा, दिवा एकदाही विझला नाही. आधी चुण्यांच्या जागी व्हीसीआर हाय-फाय सोडून मोनोवर घसरायचा, मंचाची सगळी रुंदी नाहीशी होऊन दूरध्वनीवर ऐकल्यासारखे व्हायचे आणि परत येताना एक टचका बसायचा. याचे श्रेय रेकॉर्डरला नाही, कारण आवाज त्याच्यातून जातच नाही. दुसऱ्यांदा कॅसेट उघडली तेव्हा मी चुण्या दोन गुळगुळीत कागदांमध्ये दाबून ठेवल्या होत्या, त्याचा हा परिणाम असावा. गर्दीचा आवाज डाव्या कानापासून उजव्या कानापर्यंत अखंड पसरलेला ऐकत मी हेडफोन लावून नुसती बसून राहिले.

किंमत मात्र मोजावी लागली. हा रेकॉर्डर पांढरा रंग वरून छाटतो आणि त्याचे नॉइज रिडक्शन पूर्ण बंद करता येत नाही. मंचावरच्या प्रखर दिव्यांच्या झोतात चेहरे चुन्यासारखे होतात आणि केस हलले की मागे पुसटसा ओघळ राहतो. आयर्न मेडनच्या चित्रफितीत केस हलणार नाहीत असा सेकंद शोधून काढावा लागेल.

इथपर्यंत लिहून झाल्यावर ही नोंद ‘दोन फ्रेम्स हाताने भरते आणि विषय संपवते’ असे म्हणून मी बंद करणार होते. पण हाय-फायबद्दलचा परिच्छेद लिहिताना एक गोष्ट डोक्यात आली आणि आता बेत बदलला आहे. हाय-फाय आवाज हा फिरत्या ड्रमवरच्या हेड्सनीच टेपवर उमटवलेला असतो, पालमध्ये १.४ आणि १.८ मेगाहर्ट्झच्या वाहक लहरींवर, चित्राच्या संकेताखाली. म्हणजे चित्र आणि आवाज दोन्ही हेडजवळून कच्च्या स्वरूपात एकाच घड्याळावर उचलले, तर साउंड कार्ड हा प्रकारच उरत नाही. व्हीएचएस-डीकोड ही आज्ञावली वापरणारे नेमके हेच करतात. व्हीसीआरच्या आत हेड अँप्लिफायरवरून तार काढायची, कच्चा संकेत डिजिटल करून साठवायचा आणि टाइम बेस दुरुस्त करण्याचे काम आज्ञावलीवर सोपवायचे. पांढरा छाटणारा, केस पुसणारा मधला कुणी नाही. मी आजवर या वाटेला गेले नाही, कारण सेकंदाला चार कोटी नमुने, प्रत्येकी एक बाइट, असे धरले तर तासाला १४४ जीबी होतात आणि या टेपला जवळजवळ दुप्पट, तेही फक्त चित्राचे. हार्ड डिस्क रिकामी करायची तर आधीची कच्ची कॅप्चर्स उडवावी लागतील.

ती उडवायला माझी हरकत राहिलेली नाही, कारण त्यांतल्या बहुतेकांची गरज संपली आहे. ‘१२ वेस्टेड इयर्स’ची अमेरिकन टेप मी मल्टिसिस्टम व्हीसीआर मागून आणून घेतली होती, पण तो माहितीपट ‘मेडन इंग्लंड’च्या २०१३च्या डीव्हीडीवर आहेच, आणि रेनबो थिएटरचा १९८० सालचा कार्यक्रम २००४च्या ‘द अर्ली डेज’मध्ये आहे. ‘लाइव्ह आफ्टर डेथ’ २००८ मध्ये आणि ‘मेडन इंग्लंड’ २०१३ मध्ये डीव्हीडीवर आले, आणि दुसऱ्यात टेपवर नसलेली शेवटची तीन गाणीही मिळाली. माझ्या टेपांपेक्षा ते सगळे सरस आहे हे कबूल करायला मला वेळ लागला, एवढेच. ‘फ्लाइट ६६६’ या दौऱ्यावरच्या चित्रपटाला तर हात लावण्याचा प्रश्नच नाही. त्यातले ‘एसेस हाय’ १ फेब्रुवारी २००८च्या आपल्या मुंबईच्या कार्यक्रमातले आहे आणि त्या वांद्रे-कुर्ला संकुलातल्या गर्दीत मी उजवीकडे, कधीच न दिसणाऱ्या कोपऱ्यात उभी होते. डॉनिंग्टनच्या चित्रफितीला मात्र डीव्हीडीचे भाग्य लाभले नाही, म्हणून माझी सगळी खटपट आता तिच्याभोवतीच आहे.

पुण्याच्या आपल्या एका सभासद मित्राकडे याच टेपची दुसरी प्रत आहे आणि ती तो पुढच्या रविवारी घेऊन येतो आहे. तिच्या नवव्या गाण्यात चुणी नसेल तर तेवढे चित्र तिच्यातून घेता येईल, पण तिचेही पाच स्क्रू आधी उघडून कडा पाहणार, मगच व्हीसीआरमध्ये घालणार. दरम्यान व्हीसीआरचे झाकण उघडून ठेवले आहे. हेड अँप्लिफायरच्या पट्टीवर दोन चाचणीबिंदू दिसतात, त्यातल्या एकाशेजारी काहीच छापलेले नाही, तेव्हा सोल्डरिंगची कांडी तापवण्याआधी या मॉडेलचे सर्व्हिस मॅन्युअल मिळवणे आले. कुणाकडे असेल तर कळवा, झेरॉक्सचा खर्च माझा.