ई-चलन आलं की आधी कलम बघा, रक्कम नंतर

ई-चलनाचा एसएमएस आला की नजर सरळ रुपयांवर जाते. पाचशे-हजार दिसले की आपण म्हणतो, भरून टाकू, कटकट नको. नो पार्किंगच्या चलनाला हा हिशेब चालतो. पण काही कलमं अशी आहेत की दंड भरला तरी लायसन्सवरची टांगती तलवार तशीच राहते, आणि पावतीवर हे कुठे ठळक छापलेलं नसतं. माझ्या स्कूटरवर आलेलं चलन विनाहेल्मेटचं होतं, कलम 194 डी. फोटोतली स्कूटर मात्र माझी नव्हती. ते चलन रद्द करून घेताना आणि मागोमाग आलेली लायसन्सची कारणे दाखवा नोटीस निकाली काढताना जे उपयोगी पडलं, ते इथे मांडतो. हे महाराष्ट्रापुरतं आहे. कायदा केंद्राचा असला तरी चलनाचं पोर्टल आणि तडजोडीच्या रकमा राज्याच्या असतात.

आधी कायद्याचा जो भाग कुणी समजावून सांगत नाही तो. मोटार वाहन अधिनियम 1988 मध्ये 2019 साली मोठी दुरुस्ती झाली. आपण जागेवर किंवा मोबाइलवरून भरतो ती रक्कम म्हणजे कलम 200 खालचं तडजोड शुल्क, म्हणजे प्रकरण कोर्टात न नेता मिटवण्याचे पैसे. याच कलमात आता दोन गोष्टी स्पष्ट लिहिल्या आहेत. एक, तडजोड केली तरी तो गुन्हा पुढच्या वेळी ‘आधीचा गुन्हा’ म्हणून धरला जातो. दोन, तडजोडीमुळे कलम 206(4) खालच्या कारवाईतून सुटका होत नाही. हे 206(4) म्हणजे पोलिसांनी लायसन्स ताब्यात घेऊन ते अपात्रतेसाठी आरटीओकडे पाठवणं. त्यात कलमांची यादीच दिली आहे: 183 (वेग), 184 (धोकादायक ड्रायव्हिंग), 185 (दारू), 189 (शर्यत), 190 (असुरक्षित अवस्थेतलं वाहन), 194 सी (ट्रिपल सीट), 194 डी (हेल्मेट) आणि 194 ई (रुग्णवाहिकेला, अग्निशमनाच्या गाडीला वाट न देणं). सीटबेल्टचं 194 बी या यादीत नाही.

म्हणून चलन उघडलं की पहिल्यांदा कलमाचा आकडा पाहावा. सिग्नल तोडल्याचंच उदाहरण घ्या. हे चलन 119/177 खाली असेल तर मामला दंडापुरता, कायद्यात पहिल्या वेळी 500 आणि पुन्हा केल्यास 1500 रुपयांपर्यंत. तीच गोष्ट 184 खाली टाकली की ती धोकादायक ड्रायव्हिंग ठरते, कारण 184 च्या स्पष्टीकरणात लाल सिग्नल तोडणं, हातात मोबाइल धरून चालवणं, उलट्या दिशेने गाडी घालणं हे सगळं नाव घेऊन दिलं आहे. चौक तोच, फोटो तोच, पण लायसन्सच्या दृष्टीने दोन चलनांत जमीन-अस्मानाचा फरक. 184 आणि 194 डी ची चलनं डोळे झाकून भरू नयेत, असं माझं मत आहे. खरी असतील तर जरूर भरा, पण पुढे काय येऊ शकतं हे माहीत असू द्या.

आता एसएमएसबद्दल. ‘आरटीओ चलन’ नावाची एपीके फाइल (फोनमध्ये अॅप बसवणारी फाइल) व्हॉट्सअॅपवर आली तर तिला हात लावू नका. ती उघडली की फोनमधले ओटीपी आणि बँकेचे मेसेज दुसऱ्याच्या हाती जाऊ शकतात. चलन खरं आहे की नाही हे बघायला मेसेजमधल्या लिंकची गरजच नाही. महाट्रॅफिकचं (राज्याच्या वाहतूक पोलिसांचं) पोर्टल किंवा अॅप स्वतः उघडायचं, गाडीचा नंबर आणि चासी किंवा इंजिन क्रमांकाचे शेवटचे चार आकडे टाकायचे. सरकारी पत्ता ‘गव्ह डॉट इन’ने संपतो. चासी क्रमांक आरसी बुकवर असतो. तिथे चलन दिसलं तर खरं, नाही दिसलं तर मेसेज डिलीट.

पुढचं पान फोटोचं, आणि सगळी लढाई तिथेच असते. फोटो डाउनलोड करून मोठा करून पाहावा. माझ्या चलनात नंबर प्लेटवरचा 8 म्हणजे खरं तर 3 होता. डाव्या बाजूला स्क्रूच्या डोक्याची सावली पडली होती आणि त्याने तो आकडा बंद झाल्यासारखा दिसत होता. फक्त आकड्यावर भांडलं तर ‘आम्हाला 8 दिसतो’ असं उत्तर येऊ शकतं, म्हणून मी बाकीची गाडी पाहिली. फोटोतल्या स्कूटरला मागे ग्रॅब रेल काळी होती, माझ्या गाडीला चंदेरी. टेललाइटचा आकार वेगळा आणि मडगार्डवर मॉडेलचं नाव दुसरंच. नंबर चुकीचा वाचला हे सांगण्यापेक्षा ‘हे मॉडेलच आरसीवर नाही’ हे सिद्ध करणं फार सोपं जातं. आरसीवर मेकर, मॉडेल आणि रंग छापलेले असतात, त्यावर वाद होत नाही. 0 आणि डी, 8 आणि बी, 1 आणि 7 या जोड्या कॅमेऱ्याला नेहमी फसवतात. आणि 8055 चं ‘बॉस’ किंवा 4141 चं ‘दादा’ करून घेणाऱ्यांच्या प्लेटी कॅमेरा वाचेल तसं त्यांचं पाप दुसऱ्या कुणाच्या तरी माथी जातं. एचएसआरपी म्हणजे सरकारमान्य उच्च सुरक्षा नंबर प्लेट लावून घेण्याचं माझ्या लेखी सगळ्यात मोठं कारण हे आहे.

तक्रार अॅपमधल्या ‘ग्रीव्हन्स’मधून करता येते. मजकूर दोन-चार ओळींचा पुरे: चलन क्रमांक, तारीख, वेळ, ठिकाण, आपल्या गाडीचं आरसीप्रमाणे मॉडेल आणि रंग, फोटोत दिसणारं मॉडेल आणि रंग, आणि ‘चलन रद्द करावे’ ही एकच विनंती. राग, उपदेश, ट्रॅफिकच्या एकूण परिस्थितीवर भाष्य यातलं काही नको. वाचणाऱ्याकडे अशा तक्रारींचा ढीग असतो. सोबत गाडीचे आजचे फोटो: मागून नंबरसह, दोन्ही बाजूंनी आणि समोरून. मागचा फोटो शक्यतो चलनातल्या फोटोच्याच कोनातून काढावा, म्हणजे दोन्ही शेजारी ठेवले की फरक आपोआप दिसतो. त्या वेळी गाडी दुसरीकडे होती याचा कागद असेल तर तोही: पार्किंगची पावती, सर्व्हिस सेंटरचं जॉब कार्ड, कारसाठी फास्टॅगचं स्टेटमेंट. सोसायटीचं सीसीटीव्ही फुटेज लागणार असेल तर ते त्याच दिवशी मागा, बहुतेक ठिकाणी जुन्यावर नवं रेकॉर्ड होत राहतं. ऑनलाइन तक्रारीचं उत्तर आलं नाही किंवा ती एका ओळीत फेटाळली गेली, तर तोच अर्ज दोन प्रतींत छापून वाहतूक शाखेत द्यायचा आणि आपल्या प्रतीवर तारखेसह पोचेचा शिक्का घ्यायचा. ‘ठेवून जा, बघतो’ याला पोच म्हणत नाहीत. ऑनलाइन तक्रारीचा स्क्रीनशॉटही छापून ठेवा.

कॅमेऱ्याने पकडलेल्या चलनासाठी नियमही आहेत. केंद्रीय मोटार वाहन नियमांत ऑगस्ट 2021 मध्ये 167 ए हा नियम आला. त्यानुसार उपकरणाला मंजुरीचं प्रमाणपत्र हवं आणि ते दर वर्षी नूतनीकरण केलेलं हवं, कॅमेऱ्याची सूचना देणारे फलक आधी लावलेले हवेत, गुन्ह्याची नोटीस 15 दिवसांत पाठवायला हवी, आणि पुराव्यात नंबर प्लेटसह फोटो, उपकरणाने मोजलेला आकडा, तारीख, वेळ, ठिकाण आणि कायद्याचं कलम असायला हवं. वेगाच्या चलनात हे फार कामाचं आहे. मुंबई-पुणे द्रुतगती मार्गावर कारला सपाट भागात 100 ची मर्यादा आहे, घाटात 60 ची. चलनावरचं ठिकाण कोणत्या भागातलं आहे आणि मर्यादा कोणती धरली आहे हे आधी ताडून पाहा. पण ‘नोटीस उशिरा आली’ एवढ्या एका मुद्द्यावर खरं चलन उडेल अशी आशा धरू नये. वस्तुस्थितीचा मुद्दा आधी मांडावा, नियमाचा मुद्दा त्याच्या जोडीला.

आता लायसन्स. चलन गाडीवर येतं, लायसन्स माणसाचं असतं. कॅमेऱ्याला मालक कोण ते कळतं, चालवणारा कोण ते कळत नाही. कलम 133 प्रमाणे विचारल्यावर चालकाचं नाव-पत्ता देणं मालकावर बंधनकारक आहे. गाडी भाऊ किंवा ड्रायव्हर चालवत असेल तर तसं लेखी सांगा, नाहीतर कारवाई तुमच्या लायसन्सवर येईल. घरातल्या पंचाहत्तरीच्या आजोबांचं लायसन्स पुढे करणारे महाभाग असतात. फोटोत पंचविशीचा पोरगा दिसत असताना हा खोटा जबाब ठरतो, आणि चलन राहतं बाजूला.

कलम 19 प्रमाणे लायसन्स निलंबित करण्याआधी आरटीओने म्हणणं मांडायची संधी द्यावी लागते. म्हणून कारणे दाखवा नोटीस येते आणि तिला उत्तर देणं हाच लायसन्स वाचवण्याचा खरा मार्ग आहे. तक्रार चालू असतानाच ही नोटीस येऊ शकते, दोन्ही कार्यालयांचं एकमेकांना कळलेलं असेलच असं नाही. उत्तर मुदतीत, आवक कक्षात, पोच घेऊन द्यायचं. वर विषय आणि संदर्भ (नोटीस क्रमांक, दिनांक), खाली मुद्दे क्रमाने, शेवटी सहपत्रांची यादी: नोटिशीची प्रत, चलन, दोन्ही फोटो एका पानावर शेजारी शेजारी, आरसी, तक्रारीची पोच, आणि चलन रद्द झालं असेल तर त्याचा पुरावा. ‘प्रत्यक्ष सुनावणीची संधी द्यावी’ हे वाक्य आठवणीने घाला. सुनावणीत मूळ कागद लागतात. तिथे लांबलचक बोलण्यापेक्षा ते फोटोंचं पान अधिकाऱ्यासमोर ठेवलेलं बरं. माझं प्रकरण त्या पानावरच मिटलं.

चूक खरी असेल तर उत्तरात ती नाकारू नये. पहिलाच प्रकार आहे, दंड भरला आहे, उपजीविका गाडीवर आहे, हे कागदांसह मांडता येतं. पण 206(4) वरून आलेल्या प्रकरणात पहिल्या वेळी तीन महिन्यांची अपात्रता आणि पुन्हा घडल्यास लायसन्स रद्द, अशी कायद्याची मांडणी आहे. त्यामुळे फार मोठी सूट मिळेल असं गृहीत धरू नका. कालावधी संपल्यावर लायसन्स परत मिळायला रिफ्रेशर प्रशिक्षण पूर्ण करावं लागतं. आदेश पटला नाही तर तो मिळाल्यापासून 30 दिवसांत अपील. आदेशाची प्रत ज्या दिवशी हाती आली ती तारीख पाकिटासकट जपून ठेवा.

निलंबनाच्या काळात ‘कोपऱ्यापर्यंतच जातो’ म्हणून गाडी काढणं हा वेगळा गुन्हा आहे, कलम 182: तीन महिन्यांपर्यंत कैद किंवा 10,000 रुपये दंड किंवा दोन्ही. वर त्या वेळी अपघात झाला तर विमा कंपनी तिऱ्हाईताला भरपाई देऊन ती तुमच्याकडून वसूल करू शकते. रस्त्यात पोलिसांनी लायसन्स घेतलं तर त्याची पोच मागून घ्या. पण 206(4) खाली लायसन्स घेतलं असेल तर ते परत येईपर्यंत त्या पोचेवर गाडी चालवता येत नाही. कागद नुसते दाखवायचे असतील तर डिजिलॉकर किंवा एमपरिवहन या सरकारी अॅपमधले चालतात. मोबाइलमधल्या गॅलरीतला फोटो चालत नाही.

लोकअदालतीबद्दल एवढंच: चलन खरं आहे आणि जुनी थकबाकी साचली आहे, तर ती तिथे मिटवणं सोयीचं. कोर्ट फी लागत नाही. पण तिथला निवाडा अंतिम असतो, त्यावर अपील नाही, म्हणून चुकीचं चलन तिथे ‘जाऊ दे, कमी पैशांत मिटतंय’ म्हणून नेऊ नका. दारू पिऊन चालवल्याच्या केसमध्ये तडजोड नसतेच, तिथे कोर्टात वकील लावूनच जायचं.

गाडी विकली असेल तर फॉर्म 29 आणि 30 वर खरेदीदाराची सही झाली म्हणून निर्धास्त राहू नका. विकणाऱ्याने राज्यातल्या राज्यात 14 दिवसांत आरटीओला कळवायचं असतं, आणि ‘वाहन’ या सरकारी नोंदणी प्रणालीत मालकाचं नाव बदलेपर्यंत चलनं तुमच्याच मोबाइलवर येतात. तो मोबाइल नंबर जुना असेल तर तीही येत नाहीत, थेट समन्स येतं. मोबाइल नंबर ‘परिवहन’ या केंद्र सरकारच्या पोर्टलवर बदलता येतो.

चलन रद्द झाल्याचा मेसेज आला तरी काही दिवसांनी महाट्रॅफिकवर ते ‘थकीत’मधून गेलं का आणि परिवहनवर आरसीची स्थिती स्वच्छ दिसते का, हे दोन्हीकडे बघावं. एका जागी गेलं आणि दुसऱ्या जागी राहिलं असेल तर नाव हस्तांतर, कर्जाचा बोजा उतरवणं किंवा एनओसी यातलं काहीही करायला गेलात की काम अडतं. अशा वेळी रद्द केल्याच्या आदेशाची छापील प्रतच उपयोगी पडते.